रविवारचा काटा

शनिवार पेठ, पुणे
१८ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

तुमचं संक्रांतीचं पत्र मिळालं. म्हणजे आधी सासूबाईंना मिळालं. त्यांनी ते फोडलं, वाचलं आणि मग माझ्या हातात देत म्हणाल्या, "मालनवन्सं विचारतायत, तू कशी आहेस. लिही, छान आहे म्हणून." म्हणून हे पत्र मी क्लिनिकमध्ये बसून लिहितेय. यापुढे तुम्हीही पाकिटामागच्या पत्त्यावरच पाठवा. शनिवार पेठेतला हा दातांचा दवाखाना, जिथे मी रविवारीही अर्धा दिवस रिसेप्शनला बसते. इथे माझी पत्रं कुणी फोडत नाही.

तुम्ही आनंदच्या आत्या, माझ्या नव्हेत, हे मला कळतं. पण माझी आई जाऊन नऊ वर्षं झाली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तुम्ही आमच्याकडे तीन आठवडे राहिलात, तेव्हा तुम्हांला ऐकू येत नाही म्हणून मी सगळं वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवायची आणि तुम्ही एका डोळ्याने वाचायचात. तेव्हापासून मला तुम्हांलाच लिहावंसं वाटतं.

आमच्या धायरीच्या घरी दर रविवारी माझी आंघोळ झाली की हॉलमध्ये वजनकाटा मांडतात. सासूबाई चष्मा लावून वाकून आकडा बघतात आणि 'आपला परिवार' ग्रुपवर टाकतात. ग्रुपवर एकतीस माणसं आहेत. आनंदचे रावसाहेबमामा बार्शीहून अंगठा पाठवतात. आज मी ६९.८. चार वर्षांपूर्वी ८४ होते.

मुलासाठी ज्यांना दाखवलं त्या डॉक्टरबाईंनी तेव्हा पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मूल हवं तर मी दहा किलो वजन कमी करायचं, आणि आनंदने एक तपासणी करून घ्यायची. माझे चौदा किलो उतरले. त्याची तपासणी अजून झालेली नाही. "आधी तुझं होऊ दे, मग बघू," एवढंच म्हणतो. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाल्या, "वजन आता पुरे. मिस्टरांचा रिपोर्ट आणा." घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "त्यांना काय कळतंय. साठपर्यंत ने, मग बघ पाळणा हलतो की नाही." तेव्हापासून माझं रात्रीचं जेवण बंद आहे. बाबा पेपरात डोकं घालून बसतात. तुमचे भाऊ आहेत म्हणून जास्त लिहीत नाही.

आनंदच्या शर्टाची बटणं पोटावर ताणतात. त्याला कुणी काट्यावर उभं करत नाही.

तो तुमचं ऐकतो. लहानपणी सगळ्या उन्हाळ्याच्या सुट्ट्या तुमच्याकडे भूमला काढल्या, असं सारखं सांगत असतो. त्याला एक ओळ लिहाल का, तपासणी करून घे म्हणून?

तुमची,
नंदिनी


भूम
३ मार्च २०२४

चि. सौ. राजनंदिनीस मालनआत्याचा आशीर्वाद,

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचलं, आणि काल परत वाचलं. उत्तराला उशीर झाला. लिहिताना हात आखडतात.

तुझ्या सासूचा, पद्मिनचा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे गं. जीभ तिखट, मनात तसं काही नसतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. आनंदला पत्र लिहायचं म्हणतेस, पण मी त्यात पडू नये असं मला वाटतं. पुरुषमाणसाला अशा गोष्टी लागतात. शिवाय तुझ्या सासऱ्याला, उत्तरेश्वरलाही आवडणार नाही. तो माझ्या पाठचा, पण माझ्याशी मोठ्या भावासारखा वागला. तुला माहीत नसेल. पाच वर्षांत मूल झालं नाही म्हणून एक्क्याऐंशी साली मला सासरच्यांनी परत आणून सोडलं. उत्तरेश्वरला नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. त्याने मला घरात घेतलं, डी.एड.ला घातलं, मास्तरीण केलं. गावात कुणाला तोंड वर करून बोलू दिलं नाही. त्याच्या घरात मी लुडबुड करणं बरं दिसत नाही.

तू मात्र नीट जेव. ज्वारीची भाकरी खा, वर तूप घे. कुणी काही म्हणू दे. अशी उपाशी राहू नकोस, लेकरा. वजन उतरवून काही व्हायचं नाही.

हुलग्याचं पीठ कुणी येणारं असलं की पाठवते.

तुझी,
मालनआत्या


शनिवार पेठ, पुणे
१४ जुलै २०२४

ती. आत्या,

चार महिने पत्र नाही, म्हणून तुम्ही रागावला असाल. माझं ऑपरेशन झालं. पित्ताशय काढून टाकलं. एप्रिलपासून पोटात कळा येत होत्या. घरी सगळे म्हणायचे, भुकेची सवय होतेय. जूनमध्ये मी क्लिनिकच्या जिन्यात बसले ती उठलेच नाही. आमच्या दातांच्या डॉक्टरबाईंचं बोलणं तुम्हांला माहीत नाही. मला रिक्षात घालताना म्हणाल्या, "झिजायचंच असेल तर घरी झिजा. माझ्या जिन्यात नको, पेशंट दात न दाखवताच पळतील." पण हॉस्पिटलमध्ये संध्याकाळपर्यंत त्याच बसून होत्या. आनंद ऑफिसातून साडेसातला आला.

सर्जन म्हणाले, उपाशी राहून भराभर वजन उतरवलं की पित्ताशयात खडे होतात. माझ्या पाळीचंही त्यांनी विचारलं. पाच महिने आलेली नाही. ते म्हणाले, शरीर जगायच्या मागे लागलंय, मुलाचं कुठून सुचणार त्याला. आत्या, मी मूल व्हावं म्हणून उपाशी राहिले आणि उपाशी राहून मूल होण्याचा रस्ता बंद केला.

आता जे सांगायचं ते. तिसऱ्या दिवशी मला भेटायला शेजारच्या बाई आल्या. मी डोळे मिटून पडले होते. सासूबाई त्यांना म्हणाल्या, "आता वजनही उतरलं. तरी काही नाही. म्हणजे खोट हिच्यातच आहे, आम्ही काय करणार? आनंदचं वय अजून काय आहे."

मी डोळे उघडले नाहीत. तशीच पडून राहिले, आणि तुमचं मार्चचं पत्र आठवलं. घरी आल्यावर ते काढून वाचलं. आत्या, चार वर्षांत मला भेटलेल्या प्रत्येक माणसाने सांगितलं की वजन उतरलं की होईल. डॉक्टर, शेजारी, ग्रुपवरची एकतीस माणसं, भाजीवाली, सगळ्यांनी. एकट्या तुम्ही लिहिलंत, 'वजन उतरवून काही व्हायचं नाही.'

असं का लिहिलंत?

आज रविवार. ६०.३. ऑपरेशन झालं म्हणून काट्याला सुट्टी नाही.

नंदिनी


भूम
२ ऑगस्ट २०२४

चि. राजनंदिनी,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं. हे पोस्टात टाकून येईपर्यंत मी कुणाशी बोलणार नाही.

आनंद नववीत गेला त्या उन्हाळ्यात माझ्याकडे होता. दोन हजार दोन साल. त्या मे महिन्यात आमच्या गल्लीत गालगुंडाची साथ होती. मला कळायला हवं होतं, त्याला पुण्याला परत पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही, मला त्याचा लळा. त्याला गालगुंड झालं. पाचव्या दिवशी गालावरची सूज उतरली आणि खाली गेली. दोन्ही बाजूंना. पोराला चालवेना, तापात बरळायला लागला. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला जीपने बार्शीला नेलं. तिथले डॉक्टर चांगले होते. आठ दिवसांत उतार पडला. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "बाई, दोन्हीकडे होतं. काही वेळा पुढे मूल व्हायला अडचण येते. लग्नाआधी एकदा तपासून घ्या. विसरू नका." तेव्हा मला ऐकू येत होतं. प्रत्येक शब्द ऐकला.

मी उत्तरेश्वरला सांगितलं. त्याने माझे हात धरले आणि म्हणाला, "अक्का, तुला माझी शपथ आहे, हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही." त्याने मला उभं केलं होतं. मी नाही काढलं.

तुझं स्थळ ठरलं तेव्हा मी एकदा विचारलं, तपासलं का. पद्मिनने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. मी परत विचारलं नाही. तुझ्या लग्नात मी तुझ्या मागेच बसले होते. तुझ्या केसांत अबोली होती.

आणखी एक सांगते, मग माझ्याविषयी जे वाटायचं ते वाटू दे. मला ज्याने सोडलं त्याने दुसरी केली. तिलाही मूल झालं नाही. तोवर त्याला कुणी तपासलं नव्हतं आणि नंतरही कुणी तपासलं नाही. ती बाईही परत गेली. मी तिला कधी भेटले नाही. मला सगळं माहीत होतं, राजनंदिनी, असं होतं तेव्हा काय होतं ते. तरी मी गप्प बसले.

मालन


शनिवार पेठ, पुणे
११ ऑगस्ट २०२४

मालनबाई,

पत्र मिळालं.

मी काल आनंदला विचारलं. जेवताना, सगळ्यांसमोर नाही, तो एकटा ताटावर बसला होता. "नववीच्या सुट्टीत भूमला काय झालं होतं रे?" घास हातात तसाच राहिला. मग म्हणाला, "आत्याचं आता वय झालंय. काहीही आठवतं तिला." मी तुमचं नावही घेतलं नव्हतं.

म्हणजे त्याला माहीत आहे. तो सहा वर्षं रोज रात्री माझ्या शेजारी झोपतो. माझं पोट भुकेने वाजायचं, त्याला ऐकू यायचं. एकदा म्हणाला होता, "झोप, लक्ष देऊ नकोस." तेव्हा मला ते प्रेमाचं वाटलं होतं.

मला रडू आलं नाही. मला आता कसलीही घाई नाही.

वाघोलीचा नवा फ्लॅट नोव्हेंबरात ताब्यात येतोय. चोवीस नोव्हेंबरला, रविवारी, वास्तुशांत. ग्रुपवरची एकतीसच्या एकतीस माणसं येणार आहेत, त्यांची मुलंबाळं वेगळी. तुम्ही यायचं. पूजा झाली की जेवणाआधी सगळे हॉलमध्ये असतील. तेव्हा तुम्ही उभं राहायचं आणि मला पत्रात लिहिलंत ते तोंडाने सांगायचं. मी सांगितलं तर म्हणतील, वांझ आहे म्हणून नवऱ्यावर ढकलतेय. तुम्ही घरच्या, थोरल्या. तुमचं कुणी खोटं म्हणणार नाही.

लोक काय म्हणतील याची भीती वाटते ना तुम्हांला? तुम्हांला ऐकू येत नाही. बरंच आहे. तुम्ही फक्त बोलायचं.

तोपर्यंत मी या घरातच राहणार आहे. त्यांनी सांगितलं की काट्यावर चढणार, म्हणतील तेवढं उतरवणार. त्या दिवशी सगळ्यांना माझी हाडं दिसली पाहिजेत. माझी काळजी वाटली तर लवकर हो म्हणा.

तुमच्यावर जे झालं ते तुम्ही माझ्यावर होऊ दिलंत. पद्मिनबाईंना निदान माहीत नाही ते कसं असतं.

राजनंदिनी


भूम
१ सप्टेंबर २०२४

चि. राजनंदिनी,

तू लिहिलंस त्यातला एकही शब्द मला खोडता येत नाही.

पण वास्तुशांतीत उभं राहून भावाच्या तोंडाला काळं फासायला सांगू नकोस. माझ्याच्याने होणार नाही. मी त्याच्या घरात बारा वर्षं जेवले आहे. तू त्या घरातून नीघ. आजच नीघ. इथे ये. दोन खोल्या आहेत, माझी पेन्शन आहे, दोघींना पुरून उरेल. इथे कुणी तुझं वजन करणार नाही. तुला हवं तर वकिलाला देण्यासाठी मी सगळं कागदावर लिहून सही करून देते. पण चारचौघांत नको.

हे वयही बघ गं माझं. अडुसष्ट.

मालन


(पोस्टकार्ड)

६ ऑक्टोबर २०२४

आज रविवार. ५६.४.

राजनंदिनी


(पोस्टकार्ड)

१३ ऑक्टोबर २०२४

५५.९.


भूम
२० ऑक्टोबर २०२४

राजनंदिनी,

पुरे कर. येते.

तेवीस तारखेच्या सकाळच्या एसटीने निघेन. उत्तरेश्वरला लिहिलंय, वास्तुशांतीला येते म्हणून. त्याला आनंद झाला असेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर सारखा बोलावतोय.

आज दोन भाकऱ्या खा. खाल्ल्यास की नाही ते कळव.

मालन


भूम
२९ नोव्हेंबर २०२४

चि. राजनंदिनी,

मी पोचले. रावसाहेबांच्या मुलाने गाडीने बार्शीपर्यंत सोडलं, पुढे एसटी. वाटेत तो काही बोलला असेल तरी मला कळलं नाही.

तू सांगितलंस तसं केलं. गुरुजी आवरत होते, बायका पानं मांडायला उठत होत्या, तेव्हा उभी राहिले. सोफ्याची पाठ धरली होती. मी बोलले. किती वेळ बोलले ते ठाऊक नाही. गालगुंडाचं सांगितलं, बार्शीच्या डॉक्टरांचं सांगितलं, शपथेचं सांगितलं. शेवटी, "खोट हिच्यात नाही, आणि तुम्ही हिला उपाशी मारताय," असं म्हटलं. तेवढं नक्की आठवतं.

पुढचं मला सांग. मी नुसती तोंडं बघत होते. पद्मिन पुढे आली, हात नाचवून काहीतरी बोलली, आणि त्यावर सगळ्या माना माझ्याकडून तिच्याकडे वळल्या. रावसाहेबांनी तिला काहीतरी विचारलं, आणि ती मटकन खाली बसली. काय बोलली ती? आनंद कुठे गेला? गुरुजी काय म्हणाले? आणि तू हसत होतीस. मी पाहिलं.

आणखी एक. मी चपला घालत होते तेव्हा उत्तरेश्वर आला. माझ्या खांद्याला धरून अगदी कानाशी तोंड आणून बोलला. खूप वेळ बोलत होता. मला पंधरा वर्षं ऐकू येत नाही, हे त्याला ठाऊक आहे. ऊन श्वास तेवढा कळला. तू शेजारीच उभी होतीस. काय म्हणाला तो? शिव्या दिल्या असल्या तरी लिही. माझी तयारी आहे.

मालन


शनिवार पेठ, पुणे
१२ जानेवारी २०२५

मालनआत्या,

उशीर मुद्दाम केला. वाट बघणं कसं असतं ते तुम्हांलाही कळू दे, असं वाटलं. आता सांगते.

तुमचा आवाज किती मोठा लागतो ते तुम्हांला माहीत नाही. हॉल काय, तो लिफ्टपाशी उभ्या असलेल्या केटररच्या माणसांपर्यंत गेला. अकराव्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडलं. तुम्ही "गालगुंड" म्हणालात तेव्हा आनंदने माझ्याकडे पाहिलं. "सूज खाली उतरली" म्हणालात तेव्हा तो बाल्कनीत गेला आणि सरकतं दार बाहेरून ओढून घेतलं. काचेचं दार. तो तिथे पाठ करून उभा होता आणि एकतीस माणसं त्याची पाठ बघत होती.

तुमचं बोलणं संपलं. मला वाटलं, आता म्हणतील म्हातारीला भ्रम झालाय, आणि सगळं तिथेच संपेल. मी पुढे व्हायच्या तयारीत होते. पण सासूबाईंनीच माझं काम केलं. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "आम्ही काय तपासलं नव्हतं का? लग्नाआधी तपासलं होतं! डॉक्टर म्हणाले होते, बायको धडधाकट असेल तर त्यावर उपाय करता येतो! म्हणून तर मेलीचं वजन उतरवत होते मी, हिच्या वाईटावर होते का?"

त्या वाक्यावर माना वळल्या, आत्या. तुमचं खरं की खोटं ते कुणाला विचारावंच लागलं नाही.

रावसाहेबमामांनी विचारलं, "पद्मिन, लग्नाआधी ठाऊक होतं? आणि पोरीला सांगितलं नाहीस?" त्यांचा स्वतःच्या बहिणीवर जीव आहे, त्यांनी अगदी हळू विचारलं. म्हणूनच त्या खाली बसल्या. गुरुजींनी विचारलं, "नैवेद्य दाखवलाय. पानं घ्यायची का?" मी म्हणाले, "घ्या."

मी हसत होते ते खरं आहे. मला लाज वाटली नाही आणि अजूनही वाटत नाही. मी पहिल्या पंगतीत बसले. मसालेभात घेतला, चार पुऱ्या घेतल्या, श्रीखंड दोनदा मागितलं. समोर सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत एकेक घास चावून खाल्ला. पचलं नाही, दोन दिवस पोटाने त्रास दिला. पण असं चवीने मी कित्येक वर्षांत जेवले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन निघाले. इथे पेठेत एका बाईंच्या माडीवर खोली मिळाली आहे. दारावर पाटी आहे, 'बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.' तुमची आठवण झाली. वकीलही आमच्या डॉक्टरबाईंनीच गाठून दिला. लग्नाआधी रिपोर्ट लपवला, हे एवढ्या माणसांसमोर सासूबाईंनीच कबूल केलंय. रावसाहेबमामा साक्ष द्यायला तयार आहेत. वकील म्हणाले, इतकी आयती केस क्वचित मिळते.

आनंदचे फोन आले. आधी रागाचे, मग रडण्याचे. तो परत डॉक्टरांकडे गेला होता. आता नवीन उपाय आहेत म्हणे, त्याच्यासारख्यांनाही मूल होऊ शकतं. "नंदू, सहा वर्षं वाया गेली, पण अजून वेळ आहे. आपण दोघं जाऊ." मी म्हटलं, "आधी तू बारा किलो उतरव. मग बघू."

तो उतरवतोय. पहाटे तळजाईच्या टेकडीवर चालायला जातो, रात्री जेवत नाही. दर रविवारी मला आकडा पाठवतो. ९१. ८९.५. आज ८७.८. त्याने काही व्हायचं नाही, मी परत जाणार नाही, हे मी त्याला सांगितलेलं नाही. मार्चमध्ये वकिलाची नोटीस जाईल तेव्हा त्याला कळेल. तोपर्यंत उतरू दे. तुम्हांला हे वाचून वाईट वाटेल. वाटू दे.

माझं विचाराल तर, मी जेवते. गेल्या महिन्यात पाळी आली. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "अभिनंदन. आता खुर्चीत माणूस बसल्यासारखं दिसतं." मूल हवंय का ते मला सध्या माहीत नाही. सहा वर्षं इतरांनी इतकं हवं हवं केलं की त्यात माझं किती होतं, ते आता एकटीने शोधावं लागेल.

सासूबाई कुणाकडे जात नाहीत. वाघोलीचा फ्लॅट बंद आहे, ती मंडळी धायरीलाच राहतात. 'आपला परिवार' ग्रुपमधून एकेक जण बाहेर पडला. आता तिघंच उरलेत.

राहिलं तुमचं शेवटचं. बाबा तुमच्या कानाशी काय बोलले.

ते मी ऐकलं. सगळं. चपलांच्या स्टँडपाशी मी हातभर अंतरावर होते. शिव्या दिल्या नाहीत. वाईट असतं तर मी त्याच दिवशी वहीत मोठ्या अक्षरांत लिहून तुमच्या हातात दिलं असतं. पण ते चांगलं होतं, आत्या. डोळ्यांत पाणी आणून बोलले. तुम्हांला चाळीस वर्षांपासून ऐकायचं असेल, असं काहीतरी होतं. म्हणूनच मी ते लिहिणार नाही.

तुम्ही उभ्या राहिलात. त्याबद्दल मी तुम्हांला आत्या म्हणतेय, आणि म्हणत राहीन. उन्हाळ्यात भूमला येईन, तुमच्या हातचं हुलग्याचं गरम, पातळ माडगं पिईन. पण माझ्या लग्नात तुम्ही माझ्या मागे बसून माझ्या केसांतली अबोली बघत होतात. बार्शीच्या डॉक्टरांचं तेवढं सांगितलं असतंत, तर मी त्याच रात्री उठून निघून गेले असते. ते तुम्ही सहा वर्षं माझ्यापासून ठेवलंत. बाबांचं हे मी सहा वर्षं तुमच्यापासून ठेवणार आहे.

बाबांनाच पत्र टाकून विचारायचं असेल तर विचारा. ते उत्तर देणार नाहीत, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

तब्येतीला जपा. तुम्हांला अजून सहा वर्षं जगायचं आहे.

राजनंदिनी